सरलावैनीचा तांब्याचा पत्रा

सरलावैनी आपल्या धाकट्या दिराला ‘गुरू’ म्हणायची सोडून ‘भावजी’ म्हणू लागली, तेव्हा घरात कोणाच्याच ते लक्षात आलं नाही. सासूला वाटलं, मुलगा मुंबईत मोठा झाला, सुनेला रीत कळायला लागली. गुरुदासला स्वतःला तर ते आवडलंच असावं.

आमचं आणि त्यांचं घर मालवणच्या मेढ्यात कुंपणाला कुंपण लावून होतं, म्हणून मला ते ऐकू आलं. लग्न होऊन सरला मालवणात आली तेव्हा गुरुदास शाळकरी पोर होता. त्याच्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या होत्या, गोवरात त्याच्या उशाशी ती बसली होती. नवरा भिकाजी मामलेदार कचेरीत कारकून, स्वभावानं गरीब, बोलायला कमी. तिला मूलबाळ झालं नाही. त्यामुळे असेल, गुरुदास शिष्यवृत्ती मिळवून मुंबईला निघाला त्या दिवशी धक्क्यावर सासूपेक्षा तीच जास्त रडली होती. ‘गुरू, पोचल्यार कळय रे!’ म्हणून बोट सुटेपर्यंत ओरडत होती.

सत्तावन्न साली भिकाजीला छातीचं दुखणं झालं. मालवणच्या डॉक्टरांनी मुंबईला न्या म्हणून सांगितलं. गुरुदास तोवर एका संशोधन संस्थेत नोकरीला लागला होता, लग्न झालं होतं, दोन खोल्यांची जागा होती. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीनं भिकाजी एकटाच गेला. सासू अंथरुणाला खिळलेली असल्यामुळे सरलेला जाता आलं नाही. गणपतीच्या आधी गुरुदास अस्थी घेऊन आला, तो कोल्हापूरमार्गे एस्टीनं.

ओटीवर बसून त्यानं सगळ्यांना सांगितलं, “दादा माझ्या मांडयेर गेलो. शेवटचां पाणी मी घातलंय.”

तेवढ्या वाक्यावर सासू उठून बसली. खरंच उठून बसली, जेवायला लागली, पुढं हिंडूफिरू लागली. आनंदीबाय तिचं नाव. येईल त्या बाईला ती हेच सांगायची, “एक गेलो, पण दुसऱ्यान मांडी दिल्यान. असो भाव खंय गावतलो?” दरवर्षी भाद्रपदात गुरुदास सुट्टी काढून यायचा आणि भावाचा म्हाळ घालायचा. पाटावर बसून पिंड द्यायचा. गावात त्याचं कौतुक व्हायचं.

कायतान आमच्याच वाटेवरचा, मुंबईत एका हॉटेलात वेटर होता. नोकरी सोडून तो मालवणात परतला आणि बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लागला. एकदा सरला बाजारातून मासळी घेऊन येत असताना त्यानं तिला थांबवलं.

“वैनी, एक सांगू? रागावशात नाय मा?”

“सांग मरे.”

“तुमच्या घोवाक मी मुंबयत बघितलेलंय. हॉस्पितालाच्या बाजूक धर्मशाळा आसा, थंय. व्हरांड्यात पडललो.”

“भावाच्या घराक नव्हतो?”

“नाय गो बाय. पयले दोन दीस होतो. मगे घरात ल्हान झील, खोकल्याची भिती, म्हणान भावान थंय नेवन ठेयलो. तां माका कळता. पोर सगळ्यांकच प्यारां. पण मगे परत कोण इलां नाय. मी सुट्टेच्या दिसा पेज घेवन जाय होतंय.”

“शेवटाक कोण होतां?”

कायताननं टोपी काढली. “मीच होतंय. पाणी मागल्यान, मी घातलंय. गुरुदासाक निरोप दिलंय, तो दुसऱ्या दिसा इलो.”

सरलेनं घरी येऊन मासे साफ केले, तिखलं केलं, सासूला वाढलं. मला हे सगळं तिनं फार नंतर सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, “पोराच्या भितीन भायर ठेयल्यान, तां मी गिळलां असतां. पण मांडी! जी मांडी दिल्यान नाय, तिच्यावर बसान तो गावभर मिरवता.”

सासूला ती सांगू शकत नव्हती. सांगितलं असतं तर सून खोटारडी ठरली असती. कायतानची साक्ष काढली असती तर ‘किरिस्तांवाच्या सांगण्यावर घरचो माणूस खोटो पाडतंस?’ हे ऐकावं लागलं असतं. तिला एकच गोष्ट हवी होती. गुरुदासनं स्वतःच्या तोंडानं आईसमोर सांगावं, भिकाजी कुठं मेला ते. ते होईपर्यंत तो तिचा गुरू नव्हता.

असं काही वर्षं चाललं. चौसष्ट सालच्या पावसाळ्यात गुरुदास महिनाभराची रजा टाकून आला, ते चार पेट्या घेऊन. एका पेटीत थर्मामीटर आणि काचेच्या नळ्या, दुसरीत बाटल्या. तिसऱ्या मोठ्या लाकडी पेटीला आतून भुसा भरलेला होता. आणि चौथीत एक तांब्याचा जाड, गुळगुळीत पत्रा, ताटाएवढा.

त्याच्या संस्थेत इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र आलं होतं, कपाटांच्या रांगेएवढं. त्या यंत्राच्या पोटात तो ढग बांधत होता. पावसाळ्यातले कापसाच्या ढिगासारखे वर चढणारे ढग असतात ना, ते. अशा ढगात बर्फ कधी आणि किती उंचीवर तयार होतो, हे यंत्राकडून काढून घ्यायचं. त्यासाठी कोकणच्या किनाऱ्यावर पडणाऱ्या पावसाचं पाणी किती थंडीला गोठतं, हे आधी मोजायला हवं होतं. ते आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवर चढवून यंत्राला भरवायचे.

पद्धत साधी होती. कायतानच्या कारखान्यातून बर्फ यायचा. तो फोडून मिठात कालवून मोठ्या पेटीत भरायचा, त्यानं शून्याच्या खूप खाली थंडी होते. वर तांब्याचा पत्रा. पत्र्यावर पावसाच्या पाण्याचे थेंब ठेवायचे आणि बघत बसायचं. थेंब काचेसारखा असतो, तो एकदम पांढरा होतो. त्या क्षणी थर्मामीटर वाचायचा.

अंगणात पावसाचं पाणी धरायला एक तांब्याची परात होती. परात आणि पत्रा रोज धुण्याचं काम सरलेकडे आलं. गुरुदासनं तिला बजावलं, “वैनी, ह्या बाटलेतल्या पाण्यान धुवचां, मगे ह्या स्पिरिटान पुसूचां. दुसरां काय लावचां नाय.”

“बरां, भावजी.”

पहिल्याच दिवशी ती परसात पत्रा पुसत असताना सासू मागं येऊन उभी राहिली.

“ह्या काय गो? दारयेचो वास येता!”

“औषध आसा, आये. भावजींनी दिल्यानी.”

“औषध कसलां, दारू ती. आणि दारयेचां भांडां देवाच्या घरात नेतंस? दी हय.” आनंदीबायनं पत्रा हातातून ओढून घेतला. चुलीतली राख आणि नारळाचं सोडण घेतलं आणि पत्रा असा घासला की त्यात तोंड दिसावं. परातही घासली. वर चूळभर पाणी ओतून पालथं घातलं. “आता ने. आता पवित्र झालां.”

भांडी घासणं हे बायकांचं काम, त्यामुळे गुरुदास त्या वेळी तिकडे फिरकलाही नाही. त्याला लख्ख पत्रा मिळाला, तो खूश झाला.

दुपारी ओटीवर त्याची आरोळी ऐकू आली. थेंब शून्याखाली पाचसहा अंशांवरच पटापट पांढरे पडत होते. इतरांच्या मोजमापात ते पंधराच्या खाली जाईपर्यंत गोठत नसत. तीन दिवस तेच. तो नाचायचाच बाकी राहिला होता. चहा प्यायला स्वयंपाकघरात आला आणि चुलीसमोर पाटावर बसून वैनीला समजावू लागला.

“वैनी, तू घावणे एकार एक रचतंस मा? ढग तसो. परत्येक घावण्यात पाणी किती, थंडी किती, बर्फ किती, हेचो हिशेब तां यंत्र करता. खालच्या घावण्याचो झालो की वरच्याचो.”

“पण शून्याक पाणी गोठता म्हणतत ना? मगे हिशेब कसलो?”

“थंयच तर गंमत आसा. ढगातलां पाणी शून्याच्या खाली गेलां तरी गोठणा नाय. पाणीच रवता. कितीव थंड झालां तरी वाट बघीत रवता.”

“कोणाची?”

“कणाची. धरूक कायतरी व्हया. धूळ म्हण, माती म्हण, ही चुलीतली राख म्हण. एक बारीक कण गावलो की पुरे, त्याच क्षणाक गोठता. आणि गोठताना ऊब सोडता. ती ऊब घेवन ढग आणखी वर चढता. आमच्या कोकणच्या पावसात असो खयचो तरी कण आसा, जो दुसरीकडे नाय. समुद्रातलो असतलो. तो माका गावलो, वैनी!”

त्यानं हातानं चुलीतली राख दाखवली होती. राखेकडे पाहिलं मात्र नाही.

सरलेनं बशीत चहा ओतला. ती मला म्हणाली होती, “माझ्या तोंडार इललां. भावजी, तुमचो कण माझ्या चुलीत आसा, असां सांगूचां होतां. तेवढ्यात तो म्हणालो, दादा आज आसतो तर किती खूश झालो आसतो. आणि डोळे पुसल्यान. मी तोंड मिटलंय.”

ते तीन दिवस पत्रा सासूच घासत होती, पण या चहाच्या दुसऱ्या दिवसापासून तिनं घासला नाही. सरलेनं घासला. राख आधी मलमलीच्या फडक्यातून चाळून घ्यायची, पिठासारखी. मी कुंपणाशी उभी राहून विचारलं होतं, “अगो, किती घासशील त्या पत्र्याला? झिजेल.”

“शास्त्रज्ञाचां भांडां आसा,” ती म्हणाली. “लख्ख नको?”

गुरुदास मुंबईला गेला. यंत्रानं त्याचे आकडे गिळले आणि ढग बांधून दिला. कोकणच्या ढगात बर्फ खालीच होतो, त्या बर्फाच्या उबेनं ढग उंच चढतो, म्हणून कोकणात एवढा पाऊस. असं त्यानं छापलं. परदेशातल्या मासिकात नाव आलं, मुंबईच्या एका वर्तमानपत्रात यंत्राशेजारी उभा असलेला फोटो आला. संस्थेत त्याच्या हाताखाली माणसं दिली. पुढच्या पावसाळ्यात तो परत मोजायला आला, परत तेच आकडे मिळाले. वाचनालयात त्याचा सत्कार झाला, शाल दिली. आनंदीबायला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. सरला बायकांत मागं होती.

भाषणात गुरुदास म्हणाला, “माझ्या मोठ्या भावानं माझ्या मांडीवर प्राण सोडला. त्याच्या आशीर्वादानंच आज...”

आनंदीबायनं पदर डोळ्यांना लावला. शेजारच्या बाईनं सरलेचा हात दाबला. सरलेनं तो सोडवून घेतला आणि घरी जाऊन राख चाळली. परातीसाठी वेगळी, पत्र्यासाठी वेगळी.

सहासष्ट सालच्या पावसाळ्यात पुण्याचे साहेब आले. वयानं मोठे, शांत, या विषयातले जुने जाणकार. त्यांच्या माणसांनी विमानातून कोकणच्या ढगांत फेऱ्या मारल्या होत्या. गुरुदासच्या यंत्रानं जिथं बर्फ दाखवला होता तिथं त्यांना नुसतं पाणी लागलं होतं. गुरुदासचं म्हणणं, तुमचं चुकलं असेल, मालवणात येऊन स्वतः बघा. म्हणून ते आले. येताना आपली काचेची भांडी आणि आपला पत्रा घेऊन आले.

सकाळी अंगणात दोन भांडी शेजारी शेजारी ठेवली. एकच पाऊस दोन्हींत पडला. कायताननं बर्फ आणला, दोन्ही पत्रे पेटीवर ठेवले, थेंब सोडले. थंडी वाढू लागली. गुरुदासचे थेंब पांढरे पडून गेले. साहेबांचे मात्र न गोठता राहिले, डोळ्यासारखे चकचकीत. पुष्कळ वेळानं, पंधरा अंशांच्याही खाली, त्यांतला पहिला गोठला.

साहेबांनी चष्मा पुसला. “गुरुदास, पाऊस तर एकच. हा पत्रा कशानं धुता?”

“डिस्टिल्ड वॉटर आणि स्पिरिट. कडक सूचना आहेत माझ्या.”

“तुम्ही स्वतः धुता?”

“माझी वहिनी. तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.”

“मग त्यांनाच बोलवा की. विचारू.”

“मीच घेऊन येतो,” म्हणत गुरुदास आत आला. आधी परसात गेला. तिथं घासायच्या दगडाशी राखेचं डबडं, चाळायचं फडकं, सोडण, सगळं मांडून ठेवलेलं होतं. झाकलेलं काहीच नव्हतं. दोन वर्षं ते तिथंच होतं. तो डबडं हातात घेऊनच स्वयंपाकघरात शिरला.

“वैनी, ह्या काय? पत्रो राखेन घासतंस?”

“मगे कशान घासतले? आयेन पयल्याच दिसा सांगितलां, दारयेचां भांडां राख लावल्याबगर आत घेवचां नाय.”

“पण मी तुका सांगितललंय! राखेचो कण...”

“सांगितललात. हयच बसान. चाय पिता पिता.”

“म्हणजे तुका ठावक होतां? मगे बोललंस कित्याक नाय?”

“तू तरी खंय बोललस?”

किती वर्षांनी तिच्या तोंडून त्याला ‘तू’ ऐकू आलं. पण तो ‘तू’ गोवरात उशाशी बसणारीचा नव्हता, हे त्याला कळलं.

“वैनी, पायां पडतंय. साहेबाक सांग, बाटलेच्या पाण्यान धुतंय. येवढांच सांग. माझां नाव, माझी नोकरी, सगळां जातलां.”

“पयलां आयेक सांग.”

“काय सांगू?”

“भिकाजी खंय मेलो तां.”

बाहेर साहेबांच्या खाकरण्याचा आवाज आला. “आता? हे येळाक? कोणी सांगितल्यान तुका?”

“ज्येणां पाणी घातल्यान त्येणां. भायर ओटयेर उभो आसा, बर्फ घेवन. हाक मारू?”

“मगे तू साहेबाक...”

“पयलां आयेक. मगे मी भायर येतंय.”

माजघरात आनंदीबाय देवाच्या वाती वळत बसली होती. गुरुदास तिच्यासमोर उकिडवा बसला. दार उघडं होतं. सरला चौकटीला टेकून उभी राहिली.

“आये, दादा माझ्या घराक वारलो नाय.”

“काय म्हणतस?”

“माझ्या मांडयेर नाय गेलो. धर्मशाळेत गेलो.”

म्हातारीनं हातातली वात खाली ठेवली नाही. “तू होतस मा थंय?”

“नाय.”

“मगे कोण होतां?”

“कायतान.”

“त्यान पाणी घातल्यान?”

“होय.”

“आणि तू नऊ वर्सां माका...” तिनं हातातली वात मोडली आणि दुसरी वळायला घेतली.

गुरुदास उठला आणि सरलेकडे आशेनं पाहिलं. लहानपणी चोरून गूळ खाऊन पकडला गेला की तो असाच तिच्याकडे बघायचा. सरलेनं पदर खोचला आणि ओटीवर गेली.

साहेब उभे राहिले. नमस्कार केला. “वहिनी, तुमची तक्रार नाही हं. एवढंच विचारतो. हा पत्रा कशानं धुता?”

“राखेनं,” सरला स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाली. “चुलीतल्या. आधी चाळून घेते.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्या दिवसापासून. ही परातसुद्धा.”

“आणि गुरुदासना हे...”

“भावजींना माहीत नव्हतं. भांडी कशानं घासतात हे त्यांनी कधी विचारलं नाही.”

गुरुदास दारात उभा होता. कायतान जमिनीकडे बघत पोतं झटकत होता. साहेबांनी बोट पत्र्यावरून फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. मग त्यांनी आपली काचेची भांडी एकेक करून कपड्यात गुंडाळायला घेतली. जाताना गुरुदासला एवढंच म्हणाले, “दुसऱ्या कोणी लिहायच्या आत तुम्हीच लिहून टाका. तेवढी अब्रू राहील.”

त्यानं लिहिलं. दोन वर्षं यंत्रानं ज्या ढगाचा हिशेब केला तो ढग कुठंच नव्हता, असं स्वतःच्या सहीनं छापून द्यावं लागलं. हाताखालची माणसं काढून घेतली. पुढं तो त्याच संस्थेत दुसऱ्यांच्या कार्डांची भोकं तपासायला राहिला, असं कानावर आलं. मालवणात सत्काराला मिळालेली शाल त्याची बायको बसमध्ये पांघरायची.

त्या भाद्रपदात तो म्हाळासाठी आला. सवयीनं आंघोळ करून, सोवळ्याचा कद नेसून, पाट मांडला होता तिकडे वळला. आनंदीबाय देवाच्या खोलीतून म्हणाली, “थंय बसू नको.”

“आये?”

“गणपत बसतलो.” गणपत म्हणजे चुलतभाऊ, आचऱ्याचा. त्याला तिनं आदल्या दिवशीच माणूस पाठवून बोलावून घेतलं होतं. “पिंडाक तू हात लावचो नाय. मी जिती आसय तवसर नाय, आणि माझो पिंड पण तू देवचो नाय. ह्या मी सगळ्यांदेखत सांगतंय.”

भटजींनी दर्भ मोजता मोजता वर पाहिलं. “अहो, पण धाकटे चिरंजीव आलेत ना?”

“इल्यात,” म्हातारी म्हणाली. “पावणे म्हणान.”

गुरुदास कद नेसलेला तसाच पडवीत जाऊन बसला. सरलेनं त्याला नंतर पान वाढलं, सगळं वाढलं, वर तूप वाढलं, ‘भावजी, आणखी वडे घ्या’ म्हणून आग्रहही केला. तो जेवला नाही. संध्याकाळच्या एस्टीनं परत गेला.

मी तिला एकदा विचारलं होतं. दोघी विहिरीवर होतो, ती पाणी शेंदत होती. म्हटलं, “सरले, त्याचं सगळं करिअर गेलं. तुला कधी वाईट वाटलं नाही?”

तिनं कळशी काठावर ठेवली.

“वाटलां मा,” ती म्हणाली. “सायब पयल्याच वर्सा इलो आसतो तर बरां झालां आसतां, असां वाटलां. तो सत्कार माका ऐकूचो लागलो नसतो.”

मग तिनं दोर पुन्हा आत सोडला.